ठिपके जुळले, तरी मोजावे लागते

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. व्हॉल्व्ह कधी उघडणार आणि कधी मिटणार, हे या दोघांच्या मेळावर ठरते. इंजिन बांधताना दोन्ही स्प्रॉकेटांवरचे ठिपके समोरासमोर आणून टायमिंग चेन चढवली, की काम झाले असे मानले जाते. पण ठिपके एवढेच सांगतात, की चेन एखाद्या दात्याने चुकलेली नाही. स्प्रॉकेट, चावीची खाच, कॅमची घडण यांत थोडाथोडा फरक असतो. तो एकाच बाजूला साचला तर टायमिंग काही अंशांनी सरकते. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेडचे फेसिंग झाले, तर कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग मागे पडते.

म्हणून क्रँकच्या टोकावर ३६० अंशांची चकती लावून प्रत्यक्ष मोजतात. आधी पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान, म्हणजे टीडीसी, शोधायचे. तिथे क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, त्यामुळे नजरेचा अंदाज फसतो. यावरची युक्ती फार सुंदर आहे. प्लगच्या भोकातून अडसर घालायचा, पिस्टन त्याला टेकेपर्यंत क्रँक हाताने एकदा सुलट, एकदा उलट फिरवायचा आणि दोन्ही वेळचे अंश टिपायचे. त्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. तिथे चकतीसमोरचा काटा शून्यावर आणून अडसर काढतात.

मग पहिल्या सिलिंडरच्या इनटेक टॅपेटवर डायल गेज बसते. कॅमचा माथाही बोथट असल्याने पुन्हा मध्यच काढायचा: पूर्ण उचलीच्या १.२७ मिलिमीटर आधी आणि तितकेच नंतर. टीडीसीनंतर ६६ आणि १५० अंश आले, तर मध्य १०८. कॅमसोबत आलेल्या मापांच्या कार्डावर १०६ असेल, तर कॅम २ अंश मागे आहे. या मापात क्रँक इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच फिरवावा. उलटा फिरवल्यास चेनची ढील मापात शिरते.

चेन एक दाता सरकवून हे सुधारत नाही. कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दाते असतील, तर एका दात्याने क्रँकचे १८ अंश बदलतात. एक-दोन अंशांच्या दुरुस्तीसाठी ऑफसेट चावी किंवा अनेक खाचांचे स्प्रॉकेट वापरतात. कॅम पुढे घेतला, की इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि कमी आरपीएमला ओढ वाढते. मागे नेला, की जोर वरच्या आरपीएमकडे सरकतो. मात्र पुढे घेतल्याने इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. म्हणून बदलानंतर सगळे पुन्हा मोजून पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांमधली जागाही तपासतात. इनटेकला साधारण २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर जागा ठेवण्याचा प्रघात आहे.