परक्या प्रकाशाचे निवारण

प्रकाश शोषून पुन्हा प्रकाश देण्याचा जो गुण काही द्रव्यांत असतो, त्यास प्रदीप्ती म्हणतात. तिच्या साहाय्याने द्रव्याचे अत्यल्प प्रमाणही मोजता येते. परंतु द्रव्य शुद्ध द्रावणात असणे निराळे आणि रक्तासारख्या मिश्रणात असणे निराळे. तेथे प्रथिनांपासून बिलिरुबिनपर्यंत अनेक घटक स्वतःच प्रकाशू लागतात. या परक्या प्रकाशास ‘पार्श्वभूमी’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द काहीसा फसवाच. पार्श्वभूमी मागे राहते, हा प्रकाश मात्र इष्ट प्रकाशावर पसरतो.

तो निराळा मोजून वजा करावा, असे सहज सुचते. तथापि प्रकाश कणाकणांनी येतो व त्याची गणना नेहमी थोडी हलती असते. परक्या प्रकाशाचे १०,००० कण मोजले, तर सुमारे १०० कणांचा चढउतार स्वाभाविकच होय. मग इष्ट द्रव्याचे ५० कण वजाबाकीने कसे हाती लागावेत?

नवजात अर्भकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात थायरॉइडला चेतना देणारे संप्रेरक मोजताना हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही. थायरॉइडची जन्मजात उणीव वेळीच न कळल्यास बालकाची बुद्धी कायमची खुंटते. १९८० नंतरच्या दशकात फिनलंडमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत या मापनासाठी प्रतिपिंडास युरोपियम हे मूलद्रव्य जोडतात. न चिकटलेला भाग धुऊन टाकला, तरी उरलेली प्रथिने व पात्राचे प्लास्टिक प्रकाशतच असतात. परंतु त्यांचा प्रकाश काही नॅनोसेकंदांत विझतो. योग्य द्रावणातील युरोपियमचा प्रकाश सुमारे ७०० मायक्रोसेकंद रेंगाळतो. म्हणून ३४० नॅनोमीटरचा झोत टाकल्यावर ४०० मायक्रोसेकंद थांबावयाचे आणि मगच ६१५ नॅनोमीटरजवळ मापन करावयाचे. तोवर परका प्रकाश व दिव्याचा शेष मावळलेला असतो. युरोपियमचा निम्म्याहून अधिक प्रकाश शिल्लक असतो.

हे दीर्घायुष्य सहजप्राप्त मात्र नव्हे. पाण्याचे रेणू युरोपियमला बिलगले, तर त्याची ऊर्जा त्यांच्या कंपनांत विरते. यास्तव त्यास पाण्यापासून दूर ठेवणारी सेंद्रिय द्रव्ये व साबणासारखे कण मिसळावे लागतात. वाट पाहण्याची युक्ती मोठी खरी. पण तिची अर्धी मातब्बरी या द्रावणाची आहे.

एक शत्रू तरीही उरतो. धुळीतून वा अस्वच्छ नळीतून आलेले युरोपियम तितकाच वेळ प्रकाशते. कितीही थांबले तरी ते वेगळे पडत नाही. तेथे पात्रे स्वच्छ राखणे हाच उपाय.