हळवे मन मदतीला धावतेच असे नाही

वर्गात एखादी मुलगी रडू लागली, की सगळी मुले सारखी वागत नाहीत. कोणी तिच्याजवळ जाऊन बसते, कोणी शिक्षकांना बोलावते, तर कोणी मान खाली घालून निघून जाते. निघून जाणाऱ्याला 'भावनाशून्य' ठरवून आपण मोकळे होतो. परंतु हा निष्कर्ष अनेकदा चुकीचा ठरू शकतो. तिचे रडणे कदाचित त्याच मुलाच्या मनाला सर्वाधिक लागलेले असते.

दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याची भावना जाणण्याच्या क्षमतेला 'समानुभूती' म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांनी १९८० मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीत तिचे चार घटक आहेत : दुसऱ्याच्या दृष्टीने विचार करणे, त्याच्याविषयी कळकळ वाटणे, त्याची आपत्ती पाहून स्वतःच अस्वस्थ होणे आणि कथा-चित्रपटांतील पात्रांशी एकरूप होणे. यांपैकी कळकळ आणि अस्वस्थता यांतील फरक मदतीच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.

कळकळ की अस्वस्थता?

कॅन्सस विद्यापीठातील डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. एका तरुणीला विजेचे झटके बसत असल्याचे दृश्य विद्यार्थ्यांना दाखवण्यात आले. (झटके खरे नव्हते.) तिची जागा घेण्याची तयारी आहे का, असे त्यांना विचारले गेले. ज्यांना तिच्याविषयी फारशी कळकळ नव्हती, त्यांच्यापैकी बहुतेकांनी निघून जाण्याची सोय असताना काढता पाय घेतला. कळकळ असलेले विद्यार्थी मात्र सुटकेचा मार्ग मोकळा असूनही मदतीस तयार झाले. तात्पर्य, अस्वस्थ मन स्वतःचा त्रास थांबवू पाहते. तिथून दूर गेल्यानेही तो थांबतो. कळकळीचे मन समोरच्याचा त्रास थांबवू पाहते.

वयाचा परिणाम

किशोरवयात या क्षमता एकाच गतीने वाढत नाहीत. नेदरलँड्समधील १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींवरील दीर्घकालीन अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच्या दृष्टीने विचार करण्याची क्षमता मुलींमध्ये आधी, तर मुलांमध्ये काहीशी उशिरा वाढू लागल्याचे त्यात दिसले. मुलांमधील कळकळ तर मधल्या वर्षांत घटून पुन्हा वाढली. त्यामुळे नववी-दहावीतला मुलगा 'दगड' झाल्यासारखा वाटला, तरी तो कायमचा तसाच राहील, असे मानण्याचे कारण नाही.

शिवाय मदत ही केवळ मनावर अवलंबून नसते. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ मधील प्रयोगात दुसऱ्या खोलीतील व्यक्तीला झटका आल्याचे विद्यार्थ्यांना ऐकवण्यात आले. आपण एकटेच ऐकत आहोत, असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण ती व्यक्ती शांत होण्यापूर्वीच मदतीला निघाले. आणखी चौघे ऐकत आहेत, असे समजणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. 'कोणीतरी करील' ही भावना जबाबदारी विभागून टाकते. मित्रांच्या नजरेची सतत धास्ती असलेल्या वयात हा अडसर अधिकच मोठा वाटू शकतो.

काय करता येईल?

'संवेदनशील हो' या उपदेशाने फारसे साधत नाही. मुलाला नेमकी कृती ठाऊक हवी. रडणाऱ्या मित्राशी काय बोलावे, छळ होत असेल तर कोणाला सांगावे, अपघात दिसल्यास १०८ क्रमांकावर कोणती माहिती द्यावी, याचा घरी आणि शाळेत सराव करून घेता येतो. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे, हेही मुलांना सांगायला हवे. काय करायचे हे कळले, की अस्वस्थतेला वाट मिळते आणि पळून जाण्याची गरज उरत नाही.

म्हणूनच मागे सरणाऱ्या मुलाला 'तुला काहीच कसे वाटत नाही?' असे विचारण्याऐवजी 'तुला काय करावेसे वाटत होते?' असे विचारून पाहावे. उत्तर अनेकदा त्याच्याजवळ असते. ते कृतीत कसे आणावे, एवढेच त्याला माहीत नसते.