मोठे टायर, कमानपाटे व शॉक अ‍ॅब्सॉर्बर : काळ्या जमिनींतील गाडीची बसवणी

वर्धा जिल्ह्यांत मृगाचा पाऊस होऊन जमीन एकदां भिजली म्हणजे शेताची वाट ही शेतकऱ्याची पहिली अडचण होऊन बसते. हिंगणघाट व समुद्रपूर या बाजूच्या खोल काळ्या जमिनींत पाणी शिरलें कीं माती फुगते, चाकास चिकटते, आणि पांदणींतून रिकामी बंडी नेणेंही बैलांस जड जातें. खताचीं पोतीं, मोटारपंप किंवा प्रसंगीं आजारी माणूस नेण्याकरितां चारी चाकांस जोर असलेली जीपवजा गाडी आतां अनेक शेतकऱ्यांकडे आहे. ती रुतूं लागली म्हणजे मोठे टायर बसवावे असा विचार सहज मनांत येतो. हा विचार चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. टायर, कमानपाटे व शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे एका जुवाखालचे आहेत. जोडींतील एकच बैल दांडगा आणला तर जूं तिरपें होतें; तसेंच येथें होतें.

ज्या गाडीवरून ही सारी जात निघाली ती पाहावी. दुसऱ्या महायुद्धांतील विलीस जीपचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे अवघे ६ इंच रुंद होते. चारी चाकांवर कमानपाटे होते, व गाडीचें वजन सुमारें एक टन होतें. तिचीच शेतीकामास उपयोगी अशी आवृत्ती १९४५ सालीं अमेरिकेंत निघाली, आणि १९४७ पासून मुंबईंत महिंद्रांच्या कारखान्यांत जीप जोडल्या जाऊं लागल्या. त्या अरुंद टायरांवरही ती गाडी चिखलांतून निघे, कारण तिचें वजन हलकें होतें व चारी चाकें ओढीत होतीं. वजन वाढवून उंची मिळविण्याचा मोह होतो तेव्हां हें उदाहरण आठवावें.

आतां मापाचा हिशेब करूं. टायरावर २१५/७५ आर १५ असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, व रिंग १५ इंची. या टायराची एकूण उंची सुमारें ७०३ मिलिमीटर येते. त्याच रिंगेवर २३५/७५ चा टायर घातला तर ती ७३३ होते. ३१ इंची टायर घातला तर ७८७. परंतु आंसाची उंची वाढते ती या फरकाच्या निम्मीच, म्हणजे पहिल्या बदलांत १५ व दुसऱ्यांत ४२ मिलिमीटर. दुसऱ्या बदलाची किंमत मात्र मोठी आहे. चाक सुमारें शेंकडा १२ नीं मोठें झाल्यामुळें कांटा ६० दाखवील तेव्हां गाडी ६७ च्या वेगानें धांवत असेल. चाकाशीं मिळणारी ओढ सुमारें दहाव्या हिश्शानें कमी होईल, व ब्रेकांसही तितकेंच जास्त श्रम पडतील. चिखलासाठीं केलेला खर्च अशा रीतीनें चिखलांतच ओढ कमी करतो.

कमानपाटे व शॉक यांचीं कामें निराळीं आहेत, पण दोहोंची गल्लत फार होते. गाडीचा भार पाटे उचलतात. खड्ड्यांत दबलेला पाटा उसळून पुनःपुन्हा हेलकावे खातो; ते हेलकावे शॉक थांबवितो. त्याच्या नळींतील तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें आणि हालचालीचा जोर उष्णतेंत जिरतो. मोठें व जड चाक खड्ड्यांतून वर आलें कीं जुन्या शॉकास तें आंवरत नाहीं. चाक जमीन सोडून उडतें, आणि वळणावर किंवा ब्रेकाच्या वेळीं हाच प्रसंग घातक ठरतो. म्हणून जड टायराबरोबर त्या वजनास व त्या पाट्यास जुळणारा शॉक हवा. शॉक नुसता कडक घेतल्यानें काम भागत नाहीं. पाट्यांचेंही तसेंच आहे. कापसाच्या दिवसांत भार भरावयाचा म्हणून दोन पाटे वाढविले, तर उरलेले महिने रिकामी गाडी उड्या मारीत चालेल. वर्षांत अधिक दिवस गाडीवर जो भार असतो, त्यास धरून पाटे ठरवावे.

खरेदीपूर्वीं मापें घ्यावीं. सपाट जागीं गाडी पक्क्या आधारावर उचलून चाक पूर्ण लोंबूं द्यावें. शॉक काढून त्याच्या वरच्या व खालच्या कड्यांमधील अंतर मोजावें. हें सर्वांत लांब माप. मग आंस वरच्या रबरी ठोकळ्यास टेकेपर्यंत तें चाक वर दाबून पुन्हा मोजावें. हें सर्वांत आंखूड माप. कमानपाट्यांच्या गाडींत नवा शॉक पूर्ण उघडला असतां लांब मापाहून सुमारें दोन सेंटिमीटर लांब, व पूर्ण मिटला असतां आंखूड मापाहून तितकाच आंखूड असावा. तसें नसेल तर शॉकच आंसाचा अडसर बनतो, आणि त्याचीं कडीं किंवा आधार तुटतात. आंस दाबलेला असतांनाच स्टिअरिंग दोन्हीं बाजूंस शेवटपर्यंत फिरवून टायर मडगार्डास किंवा पाट्यास घांसतो काय तें पाहावें, आणि चाक लोंबत असतांना ब्रेकची रबरी नळी ताणते काय तेंही पाहावें. गाडीखालीं शिरतांना केवळ जॅकवर भिस्त ठेवूं नये.

टायर घांसतो म्हणून गाडी उंच करणें हा पुढचा मोह. लांब शॅकल लावून पुढची बाजू उचलली तर आंसाचा कोन बदलतो, आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भरकटतें. तो कोन पाट्याखालीं पाचर देऊन सुधारावा लागतो. मागें उंची वाढली तर शाफ्टाचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजतात. पुढच्या आंस व पाट्यामध्यें लोखंडी ठोकळे घालणें तर कधींच करूं नये. ब्रेकाच्या जोरानें ते सरकण्याचा धोका असतो. शिवाय उंच झालेली गाडी वळणावर किंवा बांधावर कलंडण्यास अधिक सोपी होते.

या सर्वांपूर्वीं जो उपाय जवळजवळ फुकट आहे तो करून पाहावा. टायराचा जमिनीवरील दाब त्यांतील हवेच्या दाबाएवढाच स्थूलमानानें असतो. रस्त्यावर ३५ पौंड हवा असलेली रिकामी गाडी चिखलांत शिरण्यापूर्वीं २० पौंडांवर आणली तर टायर पसरतो व कमी रुततो. १५ पौंडांखालीं मात्र जाऊं नये, टायर रिंगेवरून सुटतो. आणि भरलेल्या गाडींत इतकी हवा कमी करूं नये. डांबरी रस्त्यावर येतांच पंपानें हवा पूर्ववत् भरावी, नाहींतर टायराच्या बाजू तापून फाटतात. आर्वी, आष्टी व कारंजा भागांत ज्या हलक्या जमिनीखालीं मुरूम जवळ आहे, तेथें अरुंद टायरही खालीं जाऊन टेकतो व चालतो. खोल काळींत मात्र रुंद, माती झाडून टाकणाऱ्या खोल नक्षीचा टायर उपयोगी पडतो. म्हणून आपल्या वाटेची माती पाहून टायर निवडावा. आणि ओल्या शेतांत कोणतेंही जड चाक घातलें तरी माती दाबून बसते व पिकाच्या मुळांस त्रास होतो. तेथें बांधावरच थांबणें शहाणपणाचें.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणींतील तपशील निर्मात्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडीत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हाच अर्थ पक्का केला. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्नही उभा राहतो. म्हणून परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत आधीं विचारून मगच मिस्त्रीकडे जावें.

सारांश, क्रम असा ठेवावा : प्रथम हवा, मग नक्षी, मग थोडी वाढलेली रुंदी व तिला जुळणारे शॉक, आणि पाट्यांची उंची सर्वांत शेवटीं. ज्या घरीं एकच गाडी शेतासही जाते आणि रात्रीं दवाखान्यासही, तेथें ती चिखलांतून निघण्याइतकीच रस्त्यावर ताब्यांत राहणें महत्त्वाचें आहे. पावसाळ्यापूर्वीं एक दिवस मोजमापांत घालविला, तर आषाढांत पांदणींत अडकून पडण्याचे अनेक दिवस वांचतील.