बुलेटवाल्यांचे समाधान

यंदाच्या दसऱ्याला आमच्या बुलेटला झेंडूची माळ घालावी की घालू नये, यावरून घरात दोन तट पडले होते. पूजेला कोणाचा विरोध नव्हता. प्रश्न एवढाच होता, की जी गाडी दिवाळीपूर्वी विकायची ठरली आहे, तिची पूजा करणे हे ढोंग नव्हे काय? सौ.चे म्हणणे, अवश्य करावी; लेक सासरी पाठवतानाही ओटी भरतातच. चिरंजीवांचे म्हणणे, ती फुले नव्या गाडीसाठी राखून ठेवावीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, काहीच बोलले नाहीत. ते उठले, जुन्या बनियनचा एक बोळा घेतला आणि टाकी पुसू लागले.

गाडी १९८० सालची, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी वडील. विकण्याची कारणे सांगायची तर सगळी शहाणपणाची आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो, आणि ती मुदत जवळ आली होती. अण्णांचे वय एकोणऐंशी. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना किक मारता येत नाही. मी मराठी शिकवतो; माझा पाय व्याकरणाच्या नियमांवर जितका स्थिर असतो तितका किकवर नसतो. शिवाय एका सज्जन गृहस्थांनी चांगली किंमत देऊ केली होती. सुदैवाने (की दुर्दैवाने?) बिडाच्या जुन्या एंजिनांना आज मागणी आहे.

वस्तू देण्यापूर्वी तिचे मोल कळावे, म्हणून मी ओळखीच्या दहाबारा बुलेटवाल्यांना गाठले आणि एकच प्रश्न विचारला: "तुम्ही या गाडीवर समाधानी आहात काय?" उत्तरे सांगण्यापूर्वी गाडीची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे.

बुलेट हे नाव इंग्लंडातल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्डने १९३२ साली प्रथम वापरले. त्या घराण्याचा बंदुकीच्या भागांशी जुना संबंध होता आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' अशी त्याची जाहिरात असे. तेव्हा गाडीचे नाव 'गोळी' पडले यात नवल नाही. आपल्या ओळखीचे तिचे रूप १९४९ पासूनचे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याला सरहद्दीच्या गस्तीसाठी दणकट मोटरसायकल हवी होती, तेव्हा निवड ३५० सी.सी.च्या बुलेटची झाली. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीत एनफिल्ड इंडिया निघाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. पुढे १९७० साली मूळची इंग्लिश कंपनी बंद पडली. आणि १९७७ पासून हीच बुलेट मद्रासहून इंग्लंडला जाऊ लागली. माहेर बुडाले, पण लेक सासरी अशी नांदली की माहेरच्या गावाने तिला मानाने बोलावून घेतले! जुन्या बिडाच्या एंजिनाची जागा २०१० च्या सुमारास नव्या एंजिनाने घेतली; नाव मात्र अजून चालू आहे.

एंजिनाची रचना साधी. सिलिंडर एकच, व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, म्हणजे एकूण ३४६ सी.सी. धाव लांब असल्यामुळे ठोके सावकाश आणि जड पडतात, आणि चढावर कमी वेगातही गाडी ओढ सोडत नाही. ताकद अवघी अठरा अश्वशक्ती. आजच्या पोरांना तो आकडा सांगितला तर ती हसतात. पण साठ-पासष्टच्या वेगाने दिवसभर जायचे असेल, तर या गाडीइतका शांत सोबती मिळणे कठीण. जुन्या गाड्यांत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. त्यामुळे घरातली बुलेट सहसा कोणी मागायला येत नाही, हा एक वेगळाच फायदा.

आता उत्तरे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वर्षानुवर्षे पुण्याहून गोव्याला बुलेटवर जात. ते म्हणाले, "त्रास देते, पण फसवत नाही." मी या वाक्याचा अर्थ विचारला. ते म्हणाले, "अहो, ती आजारी पडण्याआधी आठ दिवस सांगते. आपण ऐकत नाही." एका दंतवैद्य बाईंनी सांगितले, की दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकल्यावर रविवारी हिचे दुखणे ऐकले की बरे वाटते, ही निदान तोंड उघडायला कुरकुर करत नाही. एका नळदुरुस्तीवाल्यांनी तर मलाच उलट विचारले, "सर, बायकोवर समाधानी आहात का, असं कोण विचारतं का?"

माझ्या धंद्याच्या सवयीने माझे लक्ष त्यांच्या भाषेकडे गेले. हे लोक यंत्राची भाषा बोलतच नाहीत, वैद्याची बोलतात. गाडी 'खोकते', तिला 'दम लागतो', ती 'तापते', एंजिनाचा 'ठोका चुकतो'. आणि तक्रार करताना चेहरा मात्र असा, की जणू नातवाच्या खोड्या सांगताहेत. न बिघडणाऱ्या गाडीविषयी कोणी एवढे बोलेल असे वाटत नाही. बिघाड हाताने दुरुस्त होतो, आणि जे आपल्या हाताने दुरुस्त होते तेच आपले वाटते. बुलेटवाल्यांच्या समाधानाचे मूळ मला येथे सापडले.

गाडी ज्यांना जायची, त्यांच्यासाठी अण्णांनी एक वही तयार करायचे ठरवले. ते सांगत होते, मी लिहीत होतो. शंभर पानी वहीवर चिरंजीवांनी थट्टेने नाव घातले, 'दुखणेवही'. तिच्यातला काही भाग वाचकांच्या उपयोगी पडेल.

पहिले प्रकरण अर्थातच किकचे. बुलेट ताकदीने सुरू होत नाही, समजुतीने होते. चावी फिरवावी आणि किक सावकाश दाबत न्यावी. हँडलजवळच्या ॲम्पिअर मीटरचा काटा वजाकडे झुकतो. तो पुन्हा मध्यावर आला आणि किक कडक लागली, की थांबावे. मग डीकॉम्प्रेसरची छोटी कळ दाबून किक जराशी पुढे ढकलावी, कळ सोडावी, किक वर येऊ द्यावी, आणि मग एकच सणसणीत किक. हे न करता जो नुसता उड्या मारतो, त्याच्या पोटरीवर किक उलटून बसते.

दुसरे दुखणे पॉइंटचे. ठिणगीची वेळ सांभाळणारे हे दोन इवलेसे तुकडे काळे पडले किंवा त्यांच्यातले अंतर कमी झाले, की गाडी खोकते, मग बंद पडते. बारीक पॉलिश पेपरने ते घासावेत आणि अंतर फिलर गेजने लावावे. गेज नसेल तर लग्नपत्रिकेचा जाड कागद चालतो. अण्णांच्या हत्यारांच्या पिशवीत अशी एक चिंधी पंधरावीस वर्षे आहे. सौ.ने ती परवा उलटून पाहिली, तर तिच्यावर आमच्याच लग्नाचा मुहूर्त छापलेला! "म्हणजे एवढी वर्षं आपण हिचे पॉइंट सांभाळत होतो म्हणायचं," ती म्हणाली.

तिसरे टॅपेटचे. डोक्यातून शिलाईच्या यंत्रासारखी टिकटिक येऊ लागली, की टॅपेट सैल झाले. एंजिन पूर्ण थंड असताना सिलिंडरच्या बुडाशी असलेले छोटे झाकण काढावे. पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर असताना पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बस्स, एवढेच माप. टिकटिक थोडी राहिली तरी चालेल. अगदी आवळून टाकलेला टॅपेट मात्र व्हॉल्व्ह जाळतो. अण्णा म्हणतात, "वाजणारा टॅपेट आणि बोलणारी सून, दोन्ही घराला बरी." हे वाक्य वहीत लिहिण्यास मी नकार दिला, सौ.ने लिहायला लावले.

चौथे ऑइलचे. जुन्या बुलेटखाली एखादा थेंब दिसला म्हणून घाबरू नये. थेंबांची धार झाली तर पाहावे. ऑइल हवे त्याहून जास्त भरू नये आणि ब्रीदरची नळी तुंबू देऊ नये. तुंबली, की आतला दाब मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतो. डाव्या बाजूचे प्रायमरी चेनचे झाकण एकाच नटावर बसते. गळते म्हणून तो नट जोर लावून पिळणे, ही नवशिक्याची हमखास चूक. झाकण वाकते आणि गळती वाढते. रबर बदलावे, नट हलक्या हाताने आवळावा. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, तर ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये उतरते आणि सुरू करताच धूर येतो. घाबरू नये, थोडा वेळ चालू ठेवावी.

बाकीची किरकोळ. हादऱ्यांनी नटबोल्ट ढिले होतात. लांबच्या प्रवासानंतर एकदा पाना फिरवावा. क्लचची केबल तुटणार, ती आडरानातच तुटणार. म्हणून दुसरी केबल पहिलीच्या अंगाला चिकटपट्टीने बांधून ठेवावी. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करावा आणि पेट्रोलची नळी नव्या जातीची घालावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: जुन्या ड्रम ब्रेकवर विश्वास ठेवून आजच्या महामार्गावर कोणाच्या मागे चिकटू नये. प्रेम आंधळे असले तरी चालेल, ब्रेक नव्हे.

पॉइंटचा धडा मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. नोकरी नवी होती, लग्न ताजे होते. भर पावसात आम्ही दोघे पाटण-कोयनानगरमार्गे चिपळूणला निघालो होतो. निघण्यापूर्वी अण्णांनी विचारले, "पॉइंट पाहिलेस?" मी न पाहताच "हो" म्हटले. कुंभार्ली घाटात गाडी खोकली आणि थांबली. धुके असे, की पुढचे चाक दिसेना. चाळीस किका मारल्या. सौ. छत्री धरून उभी होती. एक शब्द बोलली नाही, आणि तेच अधिक बोचत होते. शेवटी मागच्या एका टपरीवरून आगपेटी मागून आणली, तिच्या बाजूच्या पट्टीने पॉइंट घासले, अंतर अंदाजाने लावले. दुसऱ्या किकला गाडी लागली. परत आल्यावर मी काही सांगण्यापूर्वीच अण्णा म्हणाले, "घाटात थांबलास ना?" त्यांनी आवाजावरून ओळखले होते. दोष गाडीचा नव्हता. त्या 'हो'चा होता.

आवाजावरून ओळखण्याची ही विद्या आता अण्णांच्या हातची राहिली नाही. गेल्या दोनतीन वर्षांत त्यांना ऐकू येणे फार कमी झाले आहे. आम्ही हे घरात बोलत नाही. वही पुरी झाली त्या संध्याकाळी त्यांनी नातवाला हाक मारली. "शेवटची एकदा सुरू करून दाखव. घेणाऱ्यापुढे लाज नको."

चिरंजीवांनी आजवर बटण दाबूनच गाड्या सुरू केलेल्या. त्यांनी आठदहा उड्या मारल्या, पोटरी चोळली, आणि मग मुकाट्याने वही उघडली. काटा पाहिला. कळ दाबली, सोडली. एक किक मारली, आणि जिन्याखालची ती जागा धडधडू लागली. पोराच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते मी त्याच्या दहावीच्या निकालालाही पाहिले नव्हते.

अण्णा पुढे आले. कान पुढे करतील असे मला वाटले. त्यांनी तळहात टाकीवर ठेवला आणि डोळे मिटले. मिनिटभराने म्हणाले, "एक टॅपेट सैल आहे रे."

चिरंजीवांनी गाडी बंद केली आणि विचारले, "आजोबा, उद्या थंड असताना लावू या का?"

त्या रात्री मी त्या गृहस्थांना फोन करून क्षमा मागितली. त्यांना वाईट वाटले. पण त्यांच्याकडे याच जातीची आणखी एक गाडी आहे असे कळल्यावर वहीची प्रत पाठवण्याचे मी कबूल केले. नूतनीकरणाचे पैसे भरले. सौ. म्हणाली, "ओटी भरली आणि लेक माहेरीच राहिली!" माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले होते: समाधान गाडीत नसते, तिचे दुखणे पुढच्या हाताला कळू लागले, म्हणजे ते मिळते.

वहीच्या कोऱ्या पानावर आता चिरंजीवांच्या अक्षरात पहिली नोंद आहे: 'टॅपेट लावला. टिकटिक थोडी ठेवली आहे. आजोबांनी हात लावून पाहिले. पास.' शुद्धलेखन तपासण्याचा मोह मी आवरला.