‘वाऱ्यावरची वरात’ का सापडेना

शनिवारची दुपार. नेरूळच्या आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी सत्तरीतले एक काका उभे होते. “पुलंचं ‘वाऱ्यावरची वरात’ आहे का हो?” ग्रंथपाल ताईंनी नाव टाइप केले, बटण दाबले. पडद्यावर उत्तर आले, नोंद नाही. काका वळणार तोच ताई म्हणाल्या, “थांबा काका, आहे आपल्याकडे,” आणि उठून नाटकांच्या कपाटाकडे गेल्या. खालून दुसरा कप्पा, डावीकडे. पुस्तक हातात घेऊनच परतल्या.

काका खुशीत गेले, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. पुस्तक कपाटात आहे. संगणकात त्याची नोंदही आहे. ताईंनी दाखल क्रमांक टाकून ती मला काढून दाखवली. नाव अक्षरन् अक्षर बरोबर दिसत होते. मग शोधताना ते सापडत का नाही?

गेल्या पावसाळ्यापासून मी आठवड्यातून दोन दुपारी या वाचनालयात संगणकावर नोंदी करायला जाते. आधी मी फक्त सभासद होते. एकदा वर्गणी भरताना ताई म्हणाल्या, “तुम्हाला मराठी टायपिंग येतं ना? मग बसा की जरा.” तेव्हापासून बसते. वाचनालय ‘इलेक्ट्रॉनिक’ होणे म्हणजे काय, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळायला लागले.

काम ऐकायला सोपे आहे. कपाटातला एक कप्पा रिकामा करायचा. पुस्तके कोरड्या फडक्याने पुसायची, कारण खाडीकडच्या दमट हवेत पावसाळाभर पानांना बुरशीचा वास धरतो आणि शिलाईत कसर लपते. मग एकेक पुस्तक उघडायचे. नाव मुखपृष्ठावरून घ्यायचे नाही, आतल्या शीर्षकपानावरून घ्यायचे. मुखपृष्ठ चित्रकाराचे असते, त्यावर कधी उपशीर्षक गळते, कधी लेखकाचे आडनावच उरते. मागच्या पानावर प्रकाशक, आवृत्ती, साल. मग जुन्या जाडजूड दाखल नोंदवहीत तोच क्रमांक काढून पाहायचा. शाईने लिहिलेली ओळ आणि हातातले पुस्तक एकच आहे ना, याची खात्री झाली की टाइप करायला घ्यायचे. शेवटी बारकोडची पट्टी लावायची, तीही अशी की लेखकाचे नाव झाकले जाऊ नये. एका दुपारी माझी तीस-पस्तीस पुस्तके होतात. ताईंची साठ होत असतील, पण मधूनच कोणी पुस्तक बदलायला येते, कोणी पेपर मागते, कोणी नुसतेच बोलायला येते.

जुन्या पुस्तकांत सालाची वेगळी गंमत असते. कित्येकांवर फक्त शके असतो. शके १८५० म्हटले की ७८ मिळवून १९२८ लिहायचे, आणि पौष-माघातले पुस्तक असेल तर बहुधा ७९ मिळवायचे. आयएसबीएन क्रमांक असला की नव्या पुस्तकाची माहिती संगणक बाहेरून ओढून आणतो म्हणतात. आमच्या बहुतेक पुस्तकांना तो क्रमांकच नाही, त्यामुळे ओढून आणायला काही नाही. प्रत्येक अक्षर हातानेच टाइप करावे लागते.

आता त्या ‘वरातीकडे’ येते. मराठीतला हा अर्धा ‘र’, वाऱ्यातला, दऱ्यातला, सुऱ्यातला, संगणकाच्या पोटात दोन प्रकारे लिहिला जातो. एका पद्धतीत साधा र, त्याला हलन्त आणि मागे एक न दिसणारे जोडचिन्ह. दुसऱ्या पद्धतीत नुक्ता असलेला वेगळा ‘ऱ’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, डोळ्यांना फरक कळणे शक्यच नाही. पण यंत्राला ती दोन वेगळी नावे. आधीच्या कोणीतरी पहिल्या पद्धतीने ‘वाऱ्यावरची’ लिहिले होते, ताईंचा कळफलक दुसऱ्या पद्धतीने लिहितो. पुस्तक होते, नोंद होती, आणि तरी ते वाचनालयातून नाहीसे झाले होते.

एकदा हे कळल्यावर मग असे सापळे जागोजागी दिसू लागले. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवत, आजही ठेवतात. दोन्ही रूपे दिसायला एकच, शोधायला दोन. विसर्गाच्या जागी कोलन हा तर आपल्या सगळ्यांचाच घोळ. ‘कळ्यांचे निःश्वास’ घ्या. विसर्ग कोणी कसा दिला यावर ते सापडणार की नाही ते ठरते, आणि ते पार पडले तरी लेखिकेचे नाव उरतेच. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. शोधणारी मुलगी यातले कोणते नाव टाकेल? कुसुमाग्रज टाकले की ‘विशाखा’ येते, ‘नटसम्राट’ येत नाही, कारण ते वि. वा. शिरवाडकरांच्या नावावर आहे. आरती प्रभूंच्या कविता आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या एकाच माणसाच्या आहेत, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. एकट्या पु. ल. देशपांड्यांची नावे आमच्या नोंदींत सहा प्रकारे लिहिलेली निघाली. टिंबानंतर जागा सोडली, नाही सोडली, आडनाव आधी, आडनाव नंतर, पूर्ण नाव, नुसते पु. ल. ही सहा माणसे एक करायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली.

यात दोष कोणत्या संगणक प्रणालीचा आहे, असे मला वाटत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालापासून जगाला मोफत मिळालेली ‘कोहा’ आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. साधने उत्तम आहेत. पण नोंद करायला मजकुराप्रमाणे पैसे देऊन आणलेला मुलगा, ज्याने ना खानोलकर वाचले ना बेडेकर, तो जे दिसेल ते लिहितो. त्याची त्यात काय चूक? हे काम पुस्तके माहीत असलेल्या माणसाचे आहे, आणि अशा माणसाला त्याचा मोबदला द्यायला हवा.

मोबदल्याची गोष्ट जुनीच आहे. ग्रंथालयांचा कायदा करण्यात मराठी मुलूख मागे नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच तो केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. अशी हजारो वाचनालये राज्यात आहेत, हे खरेच मोठे जाळे आहे. पण मद्रासच्या १९४८ च्या आणि कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी उपकर आहे, आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे अनुदानातून पुस्तके, भाडे, वीज आणि माणसे, सगळे भागवायचे. त्यात नोंदींची दुरुस्ती करायला पगारी माणूस कुठून येणार?

आमची नवी मुंबई सिडकोने १९७० नंतर वसवली, महापालिका १९९२ ची. खाडीपलीकडे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी उभे केलेले. तसा वारसा आमच्याकडे नाही. पण पुस्तके जुनी आहेत, कारण माणसे जुन्या घरांतून इथे आली. गिरगावच्या चाळीतून, लालबागेतून, साताऱ्या-सांगलीकडून. आता त्या पिढीतले एकेक जण जातात, मुले पुण्याला किंवा परदेशी असतात, घर विकायचे ठरते आणि वाचनालयाच्या दारात खोकी येतात. गेल्या महिन्यात आलेल्या खोक्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कथासंग्रहांची रास होती. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात मालकिणीचे नाव, ‘दादर’ आणि तारीख. त्यातले दोन लेखक मी नावानेही ऐकले नव्हते.

ती पुस्तके हातात असतानाच मला या सगळ्या कामाचा अर्थ लागला. मराठीत जे आज पडद्यावर मिळते त्याची दोन टोके आहेत. एका टोकाला फार जुने. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातली दोलामुद्रिते, म्हणजे १८६७ पर्यंत छापलेली पुस्तके, राज्य मराठी विकास संस्थेने सर्वांसाठी खुली केली आहेत. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचे साहित्य २०११ पासून मुक्त झाले. दुसऱ्या टोकाला अगदी नवे, विकत मिळणारे. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी आले, ऐकायची पुस्तके आली. मधला प्रचंड काळ मात्र अंधारात आहे. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांचे लेखन २०३७ मध्ये मुक्त होईल. पण खांडेकर निदान छापले जातात. त्यांच्या काळातल्या शेकडो कथाकारांची, प्रवासवर्णनकारांची, विनोदी लेखकांची पुस्तके कोणी पुन्हा छापत नाही आणि हक्क असल्यामुळे कोणाला पडद्यावर टाकताही येत नाही. ती आहेत ती फक्त अशा गल्लीतल्या वाचनालयांच्या कपाटांत. तालिकेतली आमची एक ओळ एवढीच त्यांची संगणकातली जागा. ती ओळ चुकली तर ते पुस्तक गेलेच.

ई-पुस्तके विकत घेऊन सभासदांना का देत नाही, असे लोक ताईंना विचारतात. कागदी पुस्तक विकत घेतले की ते आमचे. शंभर जणांना दिले तरी कोणी विचारत नाही. किंडलसारख्या ठिकाणी घेतलेले ई-पुस्तक एका माणसाच्या खात्यात वाचायची परवानगी म्हणून मिळते, ते पुढे उसने देता येत नाही. गाव-शहरांतल्या वाचनालयांना सभासदांना आठ दिवसांसाठी मराठी ई-पुस्तक देता यावे, अशी सोय प्रकाशकांनी आणि शासनाने मिळून उभी करायला हवी, आणि लवकर करायला हवी.

वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. सकाळी सातला मुले येतात, रात्री दहापर्यंत बसतात. स्पर्धा परीक्षेची मुले-मुली, बरीचशी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली. त्यांचे वाचन बहुतेक मोबाइलवर, कोणीतरी पाठवलेल्या पीडीएफ. ताईंनी मागच्या वर्षी त्यांना खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उघडून दाखवले, बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्याच संकेतस्थळावरून कशी घ्यायची ते दाखवले. त्यातल्या तिघी-चौघी आता खाली येऊन विचारतात, “ताई, ही आकडेवारी खरी कुठली?” ऐरोलीला महापालिकेने उभारलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात पुस्तकांच्या जोडीला ई-ग्रंथालयही आहे, तिकडेही ताई मुलांना आग्रहाने पाठवतात.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायलाच हवा. जवळच्या गावठाणातले एक आजोबा आले, आगरी, आयुष्य मिठागरावर गेलेले. त्यांना विचारायचे होते, “आमच्या मिठागरांचा कुठं काय लिवलंय का?” ताईंनी ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटिअर संगणकावर उघडले. इंग्रजी, बारीक अक्षरात. त्या एकेक परिच्छेद वाचत आणि मराठीत सांगत, आजोबा ऐकत आणि मध्येच दुरुस्ती करत. खाडीचे पाणी आत कसे घेतात, मीठ कसे गोळा करतात, ते हातवारे करून दाखवत. तासभर हे चालले. जाताना म्हणाले, “पुढल्या येळंला नातवाला घेऊन येतो.” पडद्यावरचा मजकूर जगात कोणालाही मोफत आहे. पण त्या माणसापर्यंत तो पोहोचला ताईंमुळे.

‘वाऱ्यावरची वरात’ आम्ही दुरुस्त केली, दाखल नोंदवहीतल्या त्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक खूण केली. त्यानंतर ‘ऱ्य’ असलेली सगळी नावे एकत्र काढून तपासली, तीही झाली. ‘ॲ’ची बाकी आहेत. विसर्गाची निम्मी झाली आहेत. चरित्रांचे कपाट अजून उघडलेलेच नाही.

तुमच्या भागातल्या वाचनालयात एकदा जा आणि तिथल्या संगणकावर तुमच्या आवडत्या पुस्तकाचे नाव टाका. सापडले नाही तर लगेच परतू नका, कपाटात पाहा. तिथे मिळाले तर ग्रंथपालांना सांगा आणि वेळ असेल तर ती नोंद नीट करायला बसा. आमच्याकडे मंगळवारी आणि शनिवारी, दुपारी अडीच ते पाच, एक खुर्ची रिकामी असते.