पाच गेम आणि एक छत : विम्बल्डन २०१५ ची महिला दुहेरी

विम्बल्डनमध्ये महिला एकेरी १८८४ मध्ये सुरू झाली. महिला दुहेरीला अजिंक्यपदाचा दर्जा मिळायला मात्र १९१३ साल उजाडावे लागले. पुढे एलिझाबेथ रायनने या एकाच प्रकारात बारा जेतेपदे मिळवली, त्यांतली सहा सुझान लेंग्लेनच्या साथीने. मार्टिना नवरातिलोवा आणि पॅम श्रायव्हर या जोडीने १९८३ पासून सलग १०९ सामने जिंकले. ती घोडदौड १९८५ मध्ये थांबली, तीही विम्बल्डनच्याच अंतिम सामन्यात. एवढी थोर परंपरा असूनही भारतीय प्रेक्षकाने या स्पर्धेकडे खऱ्या अर्थाने लक्ष दिले ते २०१५ मध्ये.

त्या वर्षी सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस यांना अव्वल मानांकन होते. मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली सानिया एकेरीत जागतिक क्रमवारीत सत्ताविसाव्या स्थानापर्यंत पोहोचली होती. पण मनगट आणि गुडघ्याच्या दुखण्यांनी तिला अखेर पूर्णवेळ दुहेरीकडे वळवले. मिश्र दुहेरीत तिच्याकडे तीन ग्रँड स्लॅम जेतेपदे होती, महिला दुहेरीत एकही नव्हते. चौतीस वर्षांच्या हिंगिसची गोष्ट उलटी. तिने १९९६ मध्ये हेलेना सुकोवाबरोबर विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. १९९८ मध्ये याना नोव्होत्नासह तिने ते यश पुन्हा मिळवले, नंतर दोनदा निवृत्त झाली आणि २०१३ मध्ये दुहेरीसाठी परतली. मार्च २०१५ मध्ये दोघी एकत्र आल्या आणि इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन अशा लागोपाठ तीन स्पर्धा जिंकून गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सानिया दुहेरीच्या क्रमवारीत पहिली झाली.

ही जोडी जमली ती परस्परांच्या उणिवा झाकल्या गेल्यामुळे. सानियाचा फोरहँड जबरदस्त, पण पायांची चपळाई बेताची. हिंगिसच्या फटक्यात तेवढी ताकद नव्हती, मात्र बॅकहँड, व्हॉली आणि चेंडू कुठे येणार याचा आधीच बांधलेला अंदाज यांत तिचा हात धरणारे थोडेच. सानियाने मागून जोरकस फटका मारायचा आणि प्रतिस्पर्ध्याचा दुबळा परतीचा चेंडू नेटजवळच्या हिंगिसने मोकळ्या जागेत ढकलायचा, हा त्यांचा नेहमीचा डाव. एकेरीत असा वाटून घेतलेला खेळ शक्य नसतो.

मुख्य स्पर्धेत ६४ जोड्या असतात, म्हणजे जेतेपदासाठी सहा सामने जिंकावे लागतात. दोघींनी अंतिम फेरीपर्यंत एकही सेट गमावला नाही. समोर आल्या त्या दुसऱ्या मानांकित एकातेरिना माकारोवा आणि एलेना व्हेस्निना. डावखुरी माकारोवा आणि उंचपुरी व्हेस्निना यांनी २०१३ ची फ्रेंच आणि २०१४ ची अमेरिकन ओपन जिंकलेली होती.

११ जुलै, शनिवार. सेंटर कोर्टवर आधी महिला एकेरीचा आणि पुरुष दुहेरीचा अंतिम सामना झाला, मग यांचा. त्यामुळे खेळ संध्याकाळवर गेला. रशियन जोडीने पहिला सेट ७-५ असा घेतला, दुसरा सानिया-हिंगिसने टायब्रेकमध्ये खेचून आणला. निर्णायक सेटमध्ये मात्र त्या २-५ अशा मागे पडल्या. इथून सलग पाच गेम जिंकायचे म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची सर्व्हिस निदान दोनदा भेदणे आले. दुहेरीत प्रत्येक खेळाडूची सर्व्हिसची पाळी दर चौथ्या गेमला येते, त्यामुळे एखादीची सर्व्हिस त्या दिवशी डळमळीत असली तरी लगेच उघडी पडत नाही. तरीही सानिया-हिंगिसने गुण एक-एक करत ५-५ अशी बरोबरी साधली. तेवढ्यात उजेड कमी झाला, सामना थांबवून सेंटर कोर्टचे छत मिटण्यात आले. हे सरकते छत २००९ पासून वापरात आहे. ते मिटले की वाऱ्याचा प्रश्नच उरत नाही. दिव्यांच्या प्रकाशात उरलेले दोन्ही गेम सानिया-हिंगिसने जिंकले : ५-७, ७-६, ७-५. महिला दुहेरीचे ग्रँड स्लॅम जिंकणारी सानिया पहिली भारतीय महिला ठरली.

हे पुनरागमन नियमांच्या कृपेने शक्य झाले, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. महिला टेनिसच्या नेहमीच्या दौऱ्यात दुहेरीला एक-एक सेट झाला की तिसरा सेट खेळवतच नाहीत. दहा गुणांचा टायब्रेक असतो. शिवाय ४०-४० झाल्यावर एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो. प्रक्षेपण आणि वेळापत्रक यांच्या सोयीसाठी केलेली ही काटछाट विम्बल्डनने स्वीकारली नव्हती. तिथे तेव्हा शेवटच्या सेटला टायब्रेकही नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचे. २-५ वरून परतायला जागा असते ती पूर्ण सेटमध्येच.

बक्षिसाच्या बाबतीत मात्र दुहेरी पाठीमागेच. त्या वर्षी एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड मिळाले, दुहेरीच्या जोडीला मिळून ३ लाख ४० हजार. वाटणी केली तर एकीच्या हाती पडतात १ लाख ७० हजार, म्हणजे अकरावा हिस्सा. एकेरीच्या बड्या खेळाडू दुहेरीत फारशा का दिसत नाहीत, याचे बरेचसे उत्तर या आकड्यांत आहे. व्हीनस-सेरेना या विल्यम्स भगिनी हा सन्माननीय अपवाद होता.

दुसऱ्याच दिवशी हिंगिसने लिएंडर पेसबरोबर मिश्र दुहेरीही ६-१, ६-१ अशी जिंकली. सानिया-हिंगिसने पुढे २०१५ ची अमेरिकन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. सलग ४१ विजयांची त्यांची मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये दोह्यात खंडित झाली, तीही व्हेस्निनाच्याच हातून. त्या वेळी तिच्या साथीला दारिया कसात्किना होती. ऑगस्टमध्ये जोडी फुटली. त्याच महिन्यात रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे पहिल्याच फेरीत चिनी जोडीकडून तीन सेटमध्ये हरल्या. हिंगिसने तिमेआ बाचिन्स्कीसह अंतिम फेरी गाठली, पण सुवर्णपदक माकारोवा-व्हेस्निनाने नेले. विम्बल्डनचे जेतेपदही या रशियन जोडीला २०१७ मध्ये मिळाले, अंतिम सामन्यात ६-०, ६-० असे. असा गुणफलक या स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याआधी लागला होता तो १९५३ मध्ये.