पोहोचते, पण लागत नाही

चामोर्शीत धान विकून घरी आलेला शेतकरी पैसे जमा झाले का, हे स्वस्तातल्या फोनवर पाहतो. ॲप उघडायला वेळ लागला की दोष रेंजला जातो. पुष्कळदा कारण मात्र फोनच्या आतच असते.

अँड्रॉइडचे ॲप बहुधा जावा किंवा कोटलिन भाषेत लिहितात. त्यातून तयार होणारा बाइटकोड, म्हणजे मधल्या टप्प्यातल्या सूचना, फोनच्या चिपला थेट कळत नाही, म्हणून मध्ये व्हर्च्युअल मशीन लागते. सुरुवातीचे डाल्विक एकेक सूचना वाचून राबवायचे. 2010 मध्ये वारंवार चालणारा भाग चालता चालताच चिपच्या भाषेत उतरवण्याची सोय आली. 2014 मध्ये डाल्विकची जागा एआरटी (अँड्रॉइड रनटाइम) ने घेतली. ते इन्स्टॉल करतानाच सगळे उतरवून ठेवी, पण त्यात वेळ आणि जागा फार जाई. 2016 पासून मधला मार्ग आहे: कोणता भाग जास्त चालतो याची नोंद ठेवायची आणि फोन चार्जिंगला निवांत असताना तेवढाच उतरवायचा. रात्री लाईन गेली तर हे कामही लांबते.

मेमरीचा प्रश्न याहून अवघड, आणि स्वस्त फोनमध्ये तोच जास्त छळतो. मेमरीतल्या निरुपयोगी वस्तू आपोआप काढण्याची युक्ती, म्हणजे गार्बेज कलेक्टर, जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी काढली. तिचा नियम असा की प्रोग्रामला जिथवर पोहोचता येते, ते सारे ठेवायचे. पण माळ्यावरच्या वस्तूपर्यंत शिडीने पोहोचता येते, म्हणून ती कधी लागेलच असे थोडेच आहे?

मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी नेमका हाच फरक धरला. 2007 च्या त्यांच्या शोधनिबंधात प्रोग्राम आधीच तपासून, वस्तूंकडे नेणारे पण पुढे न लागणारे दुवे तोडणाऱ्या सूचना त्यात घालण्याची रीत आहे. दुवा तुटला की कलेक्टर ती वस्तू उचलतो. अडचण एवढीच की लूपमुळे वस्तूंपर्यंतच्या वाटा अगणित होतात. त्या त्यांनी मर्यादित आकाराच्या आलेखांत बसवल्या. जावा प्रोग्रामांवरच्या प्रयोगांत मेमरीची बचत दिसली. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण कमी रॅमच्या फोनवर कलेक्टरला पुन्हा पुन्हा धावावे लागते आणि मागची ॲप बंद पडतात.

शंका असेल तिथे ही रीत दुवा तोडत नाही, कारण पुढे लागणारा एक दुवा जरी चुकून तुटला तरी प्रोग्राम कोसळू शकतो.